गरिबाचा वाटा

३ जानेवारी १९४४, सोमवार

सगळ्यांत आधी आली ती पहिल्या मजल्यावरची मादाम रिशोम, आणि तीही रिकाम्या हातानं. माझं गाठोडं अजून सुटलं नव्हतं, बदकाच्या चरबीचा डबा कुठं लपवावा म्हणून मी हातात धरून उभी, तर ही बया दारात. म्हणाली, नवी दारवाली तुम्हीच ना, मादाम? बऱ्या दिसता हो, आधीची फार आगाऊ होती. आधीची म्हणजे माझीच नात जिस्लेन! शेजारीच उभी होती, बाळाची दुपटी पिळत. मला असं हसू फुटलं की डबा पडता पडता वाचला. बाईचा नवरा खाटीक होता. तो गेला, दुकान गेलं, पण लोणी कुठं मिळतं ते बाईला अजून ठाऊक आहे, असं जिस्लेन मागाहून म्हणाली.

तर पॅरिसला आले एकदाची. अख्खा प्रवास उभ्यानं, एका कोंबड्याच्या खुराड्याला टेकून. एकाहत्तराव्या वर्षी पाय असे सुजलेत की बूट कापून काढावे लागतील. पण नोएमीला मांडीवर घेतलं नि सगळं विसरले. पणती माझी! तीन महिन्यांची, नाक अगदी माझ्या थोरल्या बहिणीचं, बिचारीचं. तिच्या बापाला गेल्या वसंतात जर्मन कारखान्यात कामाला नेलं, त्यानं हिला पाहिलंसुद्धा नाही. जिस्लेनला आता धोबीखान्यात काम लागलं. मग दार कोण सांभाळणार? म्हणून मेमे. मेमे म्हणजे मी, आजीला आमच्यात तसंच म्हणतात, आणि दुपारपर्यंत अख्खं घर मला मेमे म्हणायला लागलं.

काम सोपं आहे. दार उघडायचं, जिना धुवायचा, दोन वेळा टपाल वाटायचं. मला अक्षरं सावकाश लागतात, सिस्टरांच्या शाळेत दोनच हिवाळे गेले मी, पण इथं नावं किती? पहिल्यावर रिशोम. दुसऱ्यावर तुपिन नवरा-बायको. चौथ्यावर मस्यू काझनाव्ह. तिसऱ्यावरचे घड्याळजी उन्हाळ्यात वारले, तिथं कुणाचं टपाल नाही. दारवाली माणसाला टपालावरून ओळखते, हे मी पहिल्याच दिवशी शिकले.

मस्यू काझनाव्ह शाळेत तत्त्वज्ञान शिकवतात. माझ्या शेगडीवर हात शेकायला आले नि तासभर हललेच नाहीत. मी विचारलं, तत्त्वज्ञान म्हणजे काय हो? म्हणाले, मादाम, तुम्ही विणताय तेच. फरक इतकाच की तुम्हाला नमुना पाठ आहे, माणसाला कुणी नमुना दिलेला नाही. विणत जायचं, आणि विणून झालं की कळतं आपण पायमोजा होतो की गळपट्टा. मी म्हटलं, मग टाच कुठं वळवायची ते कसं कळणार? तर म्हणे, तीच तर पंचाईत आहे. भला माणूस. पण बटणं सगळी चुकीच्या काजात.

६ जानेवारी, गुरुवार. तीन राजांचा सण

केक केला! पीठ करडं, अंडं एकच, गोडीला सलगम किसून. पण आत वालाचा सुका दाणा पुरला म्हणजे केक राजांचाच. ज्याच्या तुकड्यात दाणा, तो दिवसभराचा राजा. खाली माझ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. घरातलं धाकटं पोर टेबलाखाली बसतं, वरून कुणीतरी तुकड्यावर सुरी ठेवून विचारतं, हा कुणाचा? पोराला दिसत नाही, म्हणून ते घेईल ते नाव खरं. नोएमीला अजून मान धरता येत नाही, मग घरात सगळ्यांत नवी मी, मीच शिरले खाली. गुडघ्यांनी कुरकुर केली. तुपिन वरून ओरडला, आता मेमेला बाहेर काढायला बैल लावावा लागेल! त्याची बायको बेर्त म्हणाली, तू आहेस की. तो गुरांच्या बाजारात ओझी वाहतो, मान तशीच आहे.

सहा माणसं, सात तुकडे. सातवा गरिबाचा वाटा. दारी जो पहिला उपाशी येईल त्याचा.

दाणा मस्यू काझनाव्हांच्या दाताखाली आला. कागदाचा मुकुट डोक्यावर, आणि म्हणतात कसे, राजा झालो, पण राज्य कशाचं ते कुणी सांगेना.

तेवढ्यात ते दोघं आले. गणवेशात नव्हते, पण बुटांवरून कळतं, जर्मनांची चाकरी करणारे. बोलणं आपलंच, इथलंच. एकाच्या हातात पिवळसर कातडी हातमोजे, दुसऱ्याला सर्दी, सारखा नाक ओढत होता. हातमोजेवाला टोपी काढून म्हणाला, बसा, बसा, किती वर्षांनी पाहतोय हा खेळ, लहानपणी टेबलाखाली मीच असायचो. मग न विचारता गरिबाचा वाटा उचलला नि खाल्ला. चांगला झालाय म्हणाला.

मग सांगितलं. कोपऱ्यावर त्यांचा एक माणूस कुणीतरी मारला. मारणारा सापडेपर्यंत या गल्लीतलं प्रत्येक घर दर गुरुवारी एक बिऱ्हाड देणार. दारवालीनं चिठ्ठीवर नाव नि मजला लिहून ठेवायचा. जिस्लेननं विचारलं, पण गुन्हा कुणाचा, आम्ही कुणाचं नाव लिहायचं? तो म्हणाला, कुणाचंही. आमची कशालाच हरकत नाही. चांगला, वाईट, म्हातारा, तरणा, आम्हाला सगळं सारखं. तुम्ही मोकळ्या आहात, मादाम. आणि चिठ्ठी कोरी असेल तर दाराला सर्वांत जवळचं बिऱ्हाड. असं म्हणून त्यानं हातमोज्याच्या बोटानं नोएमीच्या गालाला गुदगुली केली. ती हसली.

ती हसली हो.

९ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये पाद्रीबाबांना विचारलं. म्हणाले, प्रार्थना करा. मी म्हटलं, केली, आता चिठ्ठीवर काय लिहू? त्यांनी पुढच्या बाईला बोलावलं.

मग चार जिने चढून मस्यू काझनाव्हांकडे गेले. त्यांना म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा. ते खिडकीपाशी गेले. म्हणाले, मेमे, आभाळात कुठं लिहिलेलं असतं तर वाचून दाखवलं असतं. मी नाव सांगितलं तर तुम्ही म्हणाल मास्तरांनी सांगितलं, पाद्र्यांनी सांगितलं असतं तर म्हणाला असता देवानं सांगितलं. लिहिणारा हात तुमचाच राहील. मला राग आला. मी म्हटलं, मग तुमचंच लिहिते! तर म्हणाले, लिहा. आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. घाबरतात तेही. मग शिकून उपयोग काय?

पण जिना उतरताना मला सुचलं, आणि अशी खूश झाले की कठड्याला धरून उभी राहिले. तिसरा मजला! टपाल नाही, म्हणजे माणूस नाही. घड्याळजीचं नाव लिहायचं. येतील, वर जातील, धूळ बघतील, माझ्या नावानं बोटं मोडतील, म्हणतील म्हातारी अडाणी आहे. आहेच मी अडाणी. मेलेल्याला कोण मारणार?

कुणाला सांगितलं नाही. गुपित फुटतं.

१३ जानेवारी, गुरुवार

लिहिते. लिहिलं नाही तर डोक्यातच राहील.

अकराला आले. चार माणसं बरोबर. चिठ्ठी घेतली, वाचली, हातमोजेवाला म्हणाला, आभारी आहे मादाम. वर गेले. मी शेगडीशी बसून हसू दाबत होते. खरं सांगते, हसू दाबत होते.

वर दार फुटलं. मग बाई ओरडली.

रिकाम्या घरात बाई ओरडली.

त्यांनी आधी पुरुषाला आणलं. पायाला धरून, उताणा, पायऱ्यापायऱ्यांवर डोकं आपटत. मधल्या वळणावर त्यानं कठडा धरला. सर्दीवाल्यानं टाचेनं त्याची बोटं ठेचली, एकेक, घाई न करता, मध्येच नाक पुसून. बोटं वाजतात. ओल्या फांदीसारखी नाही, सुक्या. बाईनं खाली यायचं नाकारलं. तिला जिन्याच्या खिडकीतून अंगणात टाकलं. तिसऱ्या मजल्यावरून. माझ्या खोलीची खिडकी अंगणावर आहे. जिस्लेननं बाळाचं तोंड स्वतःच्या छातीत दाबलं, पण मी पाहिलं. लगेच मेली नाही. एक हात फरशीवर काहीतरी शोधत होता. सर्दीवाला गेला नि त्यानं डोक्यावर पाय दिला.

जाताना हातमोजेवाल्यानं दार हळूच लावलं. म्हणाला, पुढच्या गुरुवारी.

१४ जानेवारी, शुक्रवार

सोडा घालून जिना घासला. दुसऱ्या मजल्याच्या पायरीला एक दात होता.

मस्यू काझनाव्ह खाली आले, माझ्याशेजारी गुडघे टेकून घासायला लागले. म्हणाले, तो ज्यू शिंपी होता. ती त्याची बायको. ऑक्टोबरात, जिस्लेन बाळंतपणात पडलेली असताना मी आणून ठेवले होते. दिवसभर अनवाणी राहायचे, आवाज नको म्हणून. मी ब्रश त्यांच्या तोंडावर मारला. ओठ फुटला. मी ओरडले, मला का नाही सांगितलं? मला ठाऊक असतं तर? ते म्हणाले, सांगायला हवं होतं. तुमची भीती वाटली. ते माझं. मग म्हणाले, आणि तुम्ही लिहिलं. ते तुमचं.

म्हटलं, मी मेलेल्याचं नाव लिहिलं होतं!

दोघांनी मिळून तळापर्यंत घासलं.

१७ जानेवारी, सोमवार

मादाम रिशोम लोणी घेऊन आली. पाव किलो, खरं, पिवळंधमक. म्हणाली, मेमे, पणती बारीक दिसते हो. बेर्त तुपिननं बाळाला लोकरी टोपडं आणलं, नि कानाशी म्हणाली, रिशोमबाई एकटी, तिच्यामागं रडायला कोण आहे? रिशोम म्हणाली, तुपिनांना मूल होत नाही, घर अडवून बसलेत. तुपिन स्वतः कोळशाची पोती उतरवून गेला. मग दारात उभा राहून माझ्याकडं बघत राहिला, बाजारात बैल तुमच्याकडं बघतो तसा.

लोणी मी खाल्लं. पावाला लावून, डोळे मिटून. चव लागली. तीच मला —

संध्याकाळी सगळे खाली आले. रिशोम म्हणाली, मेमेवर ओझं नको, आपण केक करू. दाणा ज्याला येईल त्याचं नाव. म्हणजे कुणी कुणाला दिलं असं नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. जिस्लेननंही. मस्यू काझनाव्ह एकटे म्हणाले, केक कोण करणार, दाणा कोण पुरणार? तुपिन म्हणाला, गप बसा हो मास्तर, तुम्ही ते पाहुणे आणले म्हणून तर इथवर आलं. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. एकदम. एकच डोकं असल्यासारखे.

१९ जानेवारी, बुधवार

कणीक मळली. रिशोमनं पीठ आणून दिलं. म्हणाली, कडेला सुरीनं एक खूण करा, मेमे. त्या तुकड्यात दाणा. खुणेचा तुकडा आला की मी टेबलावर दोनदा बोट वाजवीन, तुम्ही खालून मास्तरांचं नाव घ्या. सगळ्यांना मान्य आहे. बायको नाही, पोर नाही. हे तिनं इस्त्रीचे कपडे मोजावेत तसं सांगितलं.

बेर्तही तेच सांगून गेली. जिस्लेन — माझी जिस्लेन — बाळाला पाजत होती, मान वर न करता म्हणाली, मेमे, कर ना तसं. नोएमीसाठी.

एक दाणा हातात घेऊन बसले. सुकलेला, सुरकुतलेला, एवढासा. आमच्या गावी पोरं यासाठी भांडायची.

मास्तरांचं ओझं वाहणं सोपं नाही. नोएमीचं तर मुळीच — कुणाला विचारू? विचारायला कुणी नाही. खरंच कुणी नाही. वर नाही, खाली नाही.

खूण केली.

२० जानेवारी, गुरुवार

अक्षर वाकडं आहे.

साडेदहाला बसलो. मी टेबलाखाली. बुटांचे तळवे दिसत होते. मास्तरांचा एक फाटका. रिशोमनं सुरी ठेवली, विचारलं, हा कुणाचा? बेर्तचा. हा? तुमचाच, मादाम. हा? वर दोनदा बोट वाजलं. मी म्हटलं, मस्यू काझनाव्हांचा. वर कुणीतरी श्वास सोडला.

कुणी खाईना. दार वाजलं. तेच दोघं, आज दोघंच. हातमोजेवाला खूश झाला, आज पण खेळ? चालू द्या की. रिशोम म्हणाली, आज दाणा ज्याला येईल त्यालाच न्या. खुर्ची ओढून बसला. बूट माझ्या नाकाशी, पॉलिशचा वास. सर्दीवाला दाराशी. हातमोजेवाल्यानं गरिबाचा वाटा ओढून घेतला नि म्हणाला, खा सगळे.

खाल्लं. मी खालून ऐकत होते. आधी मास्तरांच्या बशीत टक. मग बेर्तच्या. टक. तुपिन. रिशोम. जिस्लेन.

मी सात दाणे पुरले होते. काल, खूण केल्यावर. प्रत्येकात एक. माझ्यातही. कुणी सांगितलं नव्हतं.

मग अगदी माझ्या डोक्यावर त्याच्या दाताखाली कड् — आणि तो हसला. म्हणाला, म्हणजे राजा मी? मग हसू थांबलं. बशा बघितल्या असणार. त्याचा उजवा पाय मागं सरला, टाच उचलली — पिस्तूल काढताना अंग तसं कलतं, मला पायांवरून कळलं —

मी दोन्ही घोटे धरले नि ओढले. एकाहत्तर वर्षांचं सगळं बळ.

हनुवटी टेबलाच्या कडेवर आली. दात माझ्या मांडीवर पडले. तुपिननं त्याला मानेला धरून उचललं नि शेगडीच्या कोपऱ्यावर आपटलं, एकदा, परत, परत, चेहरा राहिला नाही तरी. सर्दीवाल्यानं गोळी झाडली. मास्तर जिस्लेनच्या पुढं उभे होते. गळ्यात लागली. दुसरी गोळी छतात, कारण बेर्तनं माझ्या विणकामाची कात्री त्याच्या डोळ्यात खुपसली होती. रिशोमच्या एप्रनमध्ये नवऱ्याचा सुरा होता. केकनंतर ज्याला न्यायचं तो ऐकला नाही तर, म्हणून आणलेला. तिनं सर्दीवाल्याचा गळा एका हिसक्यात कापला, सवयीनं, डुकराचा कापतात तसा, आणि खाली बादली नाही म्हणून क्षणभर इकडंतिकडं पाहिलं.

मास्तर माझ्या मांडीवर गेले. बोलता येत नव्हतं. बोटानं माझ्या हाताची पाठ दाबत राहिले. मग नाही.

तिघंही तळघरात, कोळशाखाली. घर धुतलं. सगळ्यांनी धुतलं. कुणी कुणाकडं बघत नाही.

२१ जानेवारी, शुक्रवार

पहाटे जिस्लेनला नि नोएमीला गावाच्या गाडीत बसवलं. बाळ झोपलं होतं. नीट बघता आलं नाही.

मी राहिले. दारवाली गेली तर सगळं उघडं पडेल.

दुपारी तिघं नवे आले. सभ्य. म्हणाले, आमचे दोघं काल या दारातून आत गेले, बाहेर आले नाहीत. मी म्हटलं, आले, चहा घेऊन गेले. त्यातला एक जमिनीकडं बघत होता. टेबलाच्या पायाशी. तिथं घासलं होतं मी. किती घासलं होतं.

म्हणाला, एक नाव द्या, मजला द्या. घराला हात लावणार नाही. नाही तर सगळे, अगदी ते पोर जिथं नेलंत तिथं जाऊन. सोमवारी सकाळी येतो.

पोर गेलं हे त्याला —

२२ जानेवारी, शनिवार

रिशोम आली. लोणी. म्हणाली, मास्तरांचं लिहा, मेमे. पळाले म्हणा. त्यांना आता काय दुखणार? बेर्त मागं उभी. तुपिन जिन्यात. रडत होता, एवढा मोठा माणूस.

खरं आहे. काय दुखणार. लिहायला सोपं. मेलेल्याचंच नाव —

पण त्यांनी बोटसुद्धा उचललं नव्हतं. फक्त उभे राहिले होते. ते त्यांचं आहे. त्यावर माझं कसं लिहू.

लोणी परत दिलं. रिशोम बसून राहिली. मग म्हणाली, सुरा माझा होता, माझं लिहा. हुंदका, नि लगेच, नाही, नको, नको लिहू. हात धरला माझा. गार हात.

भीती वाटते. जिना वाजला की मुतायला होतं. हे खरं ते लिहिते. रात्रभर त्या बोटांचा आवाज — तो नाही जात. आणि तरी —

चिठ्ठी लिहिली. सावकाश, सिस्टरांनी शिकवलं तशी, माझ्याच नावाची. मेलानी व्हेर्न्यो, तळमजला. दाणे मी पुरले. पाय मी ओढले. आणि खाली, कुणी विचारलं नव्हतं तरी, तिसरा मजलाही मीच लिहिला होता.

शेगडी पेटलेली आहे. चिठ्ठी तिच्यापासून हातभर. दर घटकेला वाटतं, टाकावी. कुणी अडवणार नाही. कुणी बघतसुद्धा नाही. आता टाकली नाही. आता नाही. आताही —

मध्ये अख्खा रविवार आहे. सोमवारी ते —